वृद्धिसंप्रेरक, खुरटलेली उंची आणि महाराष्ट्र : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यात लहान मुलांची उंची दोन ठिकाणी विशेष काळजीने मोजली जाते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल तालुक्यांतील अंगणवाड्यांत सेविका मुलाला मोजपट्टीला पाठ टेकवून उभे करतात आणि आकडा नोंदवितात. दुसरे ठिकाण म्हणजे शहरातील बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना. 'प्रार्थनेच्या रांगेत आमचा मुलगा नेहमी पहिला असतो' अशी तक्रार घेऊन आलेले पालक तोच आकडा तेथे धास्तावून ऐकतात. पहिल्या ठिकाणी कमी उंचीचा अर्थ कुपोषण असा लावला जातो. दुसऱ्या ठिकाणी 'हॉर्मोनची कमतरता तर नाही ना?' हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी पालकच विचारतात.

हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर वाटले तरी शरीराच्या आत ते एकाच रेणूपाशी येऊन मिळतात. १९१ ॲमिनो अम्लांची साखळी असलेले हे प्रथिन म्हणजे मानवी वृद्धिसंप्रेरक होय. प्रस्तुत लेखात या संप्रेरकाच्या शोधाचा आणि त्याच्या कार्यपद्धतीविषयीच्या ज्ञानाचा इतिहास पाहावयाचा आहे. तो पाहताना पश्चिम भारतातील एका आनुवंशिक विकाराचा आणि पुण्यात १९८० च्या दशकात गाजलेल्या एका वादाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. वृद्धिसंप्रेरक स्वतः एकट्याने कोणालाही वाढवीत नाही. ते एका लांब साखळीतील एक कडी आहे, आणि उंची खुंटली असता कोणती कडी तुटली हे ठाऊक नसेल तर उपचार व धोरण दोन्ही चुकतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. लेखक वैद्यकाचा नव्हे तर इतिहासाचा अभ्यासक आहे, हे येथेच नमूद करणे उचित होईल.

ग्रंथीचे नाव आणि ग्रंथीचे काम

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका खोबणीत वाटाण्याएवढी ग्रंथी असते. युरोपीय भाषांतील तिचे नाव 'कफ' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. मेंदूतील कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो अशी प्राचीन समजूत होती व सोळाव्या शतकात व्हेसेलियस यांनीही तिला तेच काम दिले. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र 'पीयूषिका' असे नाव स्वीकारले, तर मराठी विश्वकोशात 'पोष ग्रंथि' हा शब्द आढळतो. पीयूष म्हणजे अमृत आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीकही. एकाच अवयवाला एका संस्कृतीने शेंबडाचे नाव द्यावे आणि दुसरीने अमृताचे, हा परिभाषेच्या इतिहासातील एक गमतीचा भाग आहे. अर्थात आपले नाव ज्ञान झाल्यानंतर दिलेले आहे, त्यामुळे त्यात फारशी प्रौढी मिरविण्याचे कारण नाही.

ग्रंथीचा वाढीशी असलेला संबंध प्रथम अतिरेकातून कळला. १८८६ मध्ये फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी हात, पाय व जबडा बेसुमार वाढणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या विकाराला नाव दिले. पुढे हार्वी कुशिंग यांच्या शस्त्रक्रियांमुळे हा विकार पीयूषिकेच्या अतिस्रावातून उद्भवतो ही कल्पना दृढ झाली. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स व जोसेफ लाँग यांनी गुरांच्या पीयूषिकेचा अर्क उंदरांना टोचून राक्षसी आकाराचे उंदीर वाढविले. याउलट फिलिप स्मिथ यांनी उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली तेव्हा त्यांची वाढ थांबली. १९४० च्या दशकाच्या मध्यावर चो हाओ ली व इव्हान्स यांनी गुरांच्या ग्रंथींतून वृद्धिसंप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

येथे एक अडचण उभी राहिली. गुरांचे व डुकरांचे इन्सुलिन मधुमेही माणसाला चालत होते, पण गुरांचे वृद्धिसंप्रेरक माणसाच्या शरीरात निष्प्रभ ठरले. या संप्रेरकाची रचना प्राण्याप्राण्यांत बरीच वेगळी असते. माणसाला फक्त माणसाचे किंवा माकडवर्गातील प्राण्यांचे संप्रेरक लागू पडते. १९५६ मध्ये मानवी संप्रेरक वेगळे करण्यात आले आणि १९५८ मध्ये बोस्टन येथील मॉरिस रेबेन यांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला ते टोचून त्याची वाढ होत असल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध मृत माणसांच्या कवटीतून काढावे लागत असे.

टंचाईचा काळ आणि विपुलतेचा काळ

एका मुलाच्या वर्षभराच्या उपचारासाठी कित्येक डझन शवांच्या ग्रंथी लागत. अमेरिकेत १९६३ मध्ये या ग्रंथी गोळा करण्यासाठी राष्ट्रीय यंत्रणा उभारावी लागली. औषध इतके दुर्मिळ होते की कोणाला द्यावयाचे याचे निकष आपोआपच कठोर राहिले. ज्यांची कमतरता निर्विवाद, त्यांनाच ते मिळे.

१९८५ मध्ये हे सर्व एकाएकी थांबले. ज्यांना लहानपणी शवजन्य संप्रेरक दिले होते, अशा काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा असाध्य विकार झाल्याचे उघडकीस आले. ग्रंथींबरोबर विकृत प्रथिनेही टोचली गेली होती. फ्रान्समध्ये या कारणाने शंभराहून अधिक रुग्ण दगावले. हे प्रकरण आजही संपलेले नाही. २०२४ च्या जानेवारीत लंडनमधील संशोधकांनी अशाच उपचारातून अल्झायमर विकाराचे संक्रमण झाल्याची काही प्रकरणे प्रसिद्ध केली. उपचार आणि परिणाम यांच्यातील अंतर चार-पाच दशकांचे असू शकते, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासकाराने विसरू नये अशी आहे.

योगायोग असा की त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८५ मध्ये, जीवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या मानवी वृद्धिसंप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यामागील जनुकतंत्र १९७९ मध्येच साध्य झाले होते. आता पुरवठ्याला मर्यादा उरली नाही, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत 'कोणाला द्यावे' याची यादी सतत लांबत गेली. टर्नर लक्षणसमूह, जन्मतः लहान राहिलेली मुले आणि २००३ मध्ये तर ज्यांच्यात कोणताच विकार सापडत नाही अशी निव्वळ बुटकी मुलेही तीत आली. या शेवटच्या गटात अनेक वर्षे रोज इंजेक्शन घेऊन प्रौढ उंचीत सरासरी चार ते सात सेंटीमीटरचा फरक पडतो. टंचाईच्या काळात जी स्थिती 'ठेंगणेपण' होती, ती विपुलतेच्या काळात 'रोग' झाली. औषध आधी आले आणि रुग्ण नंतर सापडले, असे म्हणणे थोडे कठोर होईल. पण पूर्णतः चुकीचे होणार नाही.

साखळीचे स्वरूप

आता या संप्रेरकाचे कार्य पाहू. पीयूषिका ते दिवसभर समान प्रमाणात सोडत नाही. ते लाटांच्या स्वरूपात येते आणि मुलांमध्ये सर्वांत मोठी लाट झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ निद्रेत येते, हे १९६८ मध्ये दाखविले गेले. म्हणूनच दिवसा एकदाच रक्त तपासून वृद्धिसंप्रेरक 'कमी' असल्याचे ठरविणे निरर्थक असते. लाटांवर नियंत्रण असते ते पीयूषिकेच्या वर असलेल्या अधश्चेतकाचे. तेथून येणारे एक संप्रेरक स्राव रोखते, त्याचा शोध १९७३ मध्ये लागला. तर स्रावाला चालना देणारे दुसरे १९८२ मध्ये सापडले. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना चालना देणारे आणखी एक संप्रेरक मिळाले, आणि तेही जठरात! भूक आणि वाढ यांचा संबंध शरीरशास्त्रानेच असा अधोरेखित केला.

रक्तात उतरलेला संप्रेरकाचा एक रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाच्या दोन प्रतींना एकाच वेळी पकडतो. दोन्ही प्रती एकत्र आल्या की पेशीच्या आत संदेशांची मालिका सुरू होते आणि विशिष्ट जनुके कार्यान्वित होतात. यकृतात याचा मुख्य परिणाम म्हणजे 'इन्सुलिनसदृश वाढघटक-१' या दुसऱ्या प्रथिनाची निर्मिती. १९५७ मध्ये सॅमन व डॉहाडे यांनी कूर्चेवर प्रयोग करताना पाहिले की वृद्धिसंप्रेरक थेट घातले तर फारसे काही होत नाही, पण रक्तातील कुठल्यातरी मध्यस्थ पदार्थामुळे कूर्चा वाढू लागते. हा मध्यस्थ म्हणजेच वाढघटक-१. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पातळ वृद्धिपट्ट असतात. त्यातील पेशी विभागतात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होते. उंची वाढते ती येथे. पौगंडावस्थेच्या अखेरीस इस्ट्रोजेनच्या प्रभावाने, मुलग्यांमध्येही, हे पट्ट मिटतात. त्यानंतर कितीही संप्रेरक टोचले तरी उंची वाढत नाही.

'पीयूषिका, यकृत, हाड' ही सुटसुटीत मांडणी अनेक वर्षे शिकविली गेली. ती अपुरी असल्याचे नंतर दिसून आले. १९८२ मध्ये उंदराच्या एकाच पायाच्या वृद्धिपट्टात संप्रेरक टोचले असता तेवढाच पाय अधिक वाढला. १९९९ मध्ये यकृतातील वाढघटक-१ चे जनुक निकामी केलेले उंदीरही जवळजवळ नेहमीसारखे वाढले. म्हणजे हाड स्वतःही स्थानिक पातळीवर वाढघटक तयार करते. साखळीऐवजी जाळे म्हणणे अधिक योग्य. तथापि कोठे काय बिघडले हे समजून घेण्यासाठी साखळीची प्रतिमा अजूनही उपयोगी पडते.

वृद्धिसंप्रेरकाचे दुसरे काम वाढीइतकेच महत्त्वाचे असूनही कमी परिचित आहे. ते साठविलेली चरबी मोकळी करते, प्रथिने वाचविते आणि इन्सुलिनच्या विरोधात रक्तशर्करा वर ठेवते. रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी मापनपद्धतीमुळे रक्तातील सूक्ष्म प्रमाण मोजता येऊ लागले, तेव्हा १९६३ मध्ये असे आढळले की रक्तशर्करा घसरताच वृद्धिसंप्रेरक उसळी घेते. उपवासातही ते वाढते. वाढीचे संप्रेरक उपासमारीत वाढावे ही विसंगती वाटते. पुढील विवेचनाची किल्ली हीच आहे.

वरची कडी : पश्चिम भारतातील एक उत्परिवर्तन

१९९६ मध्ये भारतीय वंशाच्या एका कुटुंबातील, नात्यातील दोन अतिशय ठेंगण्या मुलांचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांचे वृद्धिसंप्रेरकाचे जनुक शाबूत होते. दोष होता तो पीयूषिकेवरील ग्राहीत. अधश्चेतकाचा 'स्राव कर' हा संदेश जेथे उतरावयाचा, ते दारच अर्धवट घडले होते. पाठोपाठ पाकिस्तानातील सिंध प्रांतातून तेच उत्परिवर्तन असलेला मोठा कुटुंबसमूह नोंदविला गेला. तेथील बाधित प्रौढ पुरुषांची उंची सरासरी १३० सेंटीमीटरच्या आसपास होती. श्रीलंकेतील एका तमिळ कुटुंबातही तेच आढळले. (जुन्या शोधनिबंधांत या दोषाचे स्थान ५० वे आणि नव्या निबंधांत ७२ वे दिलेले असते. ही दोन उत्परिवर्तने नव्हेत. प्रथिनाच्या आरंभीचा गळून पडणारा भाग मोजावयाचा की नाही, एवढाच फरक आहे.)

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मुंबईतील बालअंतःस्रावतज्ज्ञ डॉ. मीना देसाई व त्यांचे सहकारी, तसेच जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधक यांनी केले. २००४ व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनुसार पश्चिम भारतातील कौटुंबिक वृद्धिसंप्रेरक-कमतरतेचे प्रमुख कारण हेच उत्परिवर्तन होते. जनुकाशेजारील खुणांच्या साम्यावरून ते एखाद्या समान पूर्वजाकडून आले असावे, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. हा विकार अप्रभावी आनुवंशिकतेचा आहे. सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून आले तरच तो प्रकट होतो. जवळच्या नात्यात विवाह करण्याची रूढी जेथे आहे तेथे तो दिसण्याची शक्यता वाढते, हे ओघानेच आले.

ही मुले प्रमाणबद्ध असतात, बुद्धीने इतरांसारखीच असतात आणि त्यांना बाहेरून दिलेले वृद्धिसंप्रेरक लागू पडते. कारण तुटलेली कडी वरची आहे. यकृत, हाड आणि पुढील सर्व व्यवस्था वाट पाहत उभी असते. इंजेक्शनने ज्यांचे आयुष्य खरोखर बदलते ती मुले ही होत. अशी मुले निदानाविना, 'घराण्यातच उंची नाही' या समजुतीखाली राहून गेली, तर वृद्धिपट्ट मिटण्यापूर्वीची वर्षे निघून जातात.

खालची कडी : भरपूर संप्रेरक, थांबलेली वाढ

याच्या नेमके उलट चित्र १९६६ मध्ये दोन ठिकाणी दिसले. इस्राएलमध्ये झ्वी लारोन यांनी अशा ठेंगण्या भावंडांचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक भरपूर होते. त्यांचा ग्राहीच सदोष असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याच वर्षी केपटाऊनमधील पिमस्टोन व सहकाऱ्यांनी क्वाशिओरकोर या तीव्र कुपोषणाच्या रुग्णबालकांचे रक्त तपासले. त्यांच्यातही वृद्धिसंप्रेरक वाढलेले होते आणि आहार सुधारल्यावर ते खाली आले.

उपाशी शरीरात नेमके काय घडते? संप्रेरक चरबी वितळवून मेंदूला व हृदयाला इंधन पुरविण्याचे काम करीत राहते. पण यकृत त्याचा वाढीचा संदेश स्वीकारणे बंद करते आणि वाढघटक-१ खाली जातो. शरीर जगणे निवडते व वाढणे पुढे ढकलते. उपासात यकृतात तयार होणारे एक प्रथिन वृद्धिसंप्रेरकाचा संदेश पेशीच्या आत अडविते, असे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. दीर्घकाळ, मध्यम प्रमाणात खुरटलेल्या मुलांत हे चित्र एवढे ठळक नसते, हे सांगितले पाहिजे. परंतु झिंबाब्वेतील खुरटलेल्या तान्ह्या बालकांत वाढघटक-१ कमी आणि शरीरातील दाह अधिक असल्याचे २०१४ च्या अभ्यासात आढळले. अन्न अपुरे आणि वारंवार होणारे जुलाब-ताप, अशी दोन ओझी ही मुले एकदम वाहत असतात.

पुण्यातील वाद

या पार्श्वभूमीवर पुण्यातील वाद पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यापूर्वीचा एक दुवा नमूद करतो. १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचे महाराष्ट्रातील शरीरमापनांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी मानवशास्त्राला उंची हवी होती ती मुख्यत्वे समाजगटांमधील साम्यभेद शोधण्यासाठी. वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याची मोजणी दरडोई २,२५० उष्मांकांच्या निकषावर केली. शरीर आता वंशाऐवजी भुकेचे माप झाले.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख राहिलेले पां. वा. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्यात काम करीत होते. माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखालील प्रत्येकाला कुपोषित मानणे चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दांडेकरांनी त्यास कडाडून विरोध केला. १९८२ मध्ये सुखात्मे यांनी संपादिलेल्या आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने प्रकाशित केलेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी याहून पुढे जाऊन 'लहान पण निरोगी' हा सिद्धान्त मांडला. सौम्य ते मध्यम खुरटलेली मुले ही यशस्वी जुळवणुकीचे उदाहरण होत, असे त्यांचे म्हणणे. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर प्रखर टीका केली; हा सिद्धान्त गरिबांपुरताच का, असा त्यांचा रोख होता.

हा वाद मुख्यतः उष्मांक, सरासरी आणि विचलन यांच्या भाषेत झाला. संप्रेरकांची भाषा त्यात आली असती तर काय झाले असते? सुखात्मे यांचा एक मुद्दा टिकला असता : शरीर खरोखरच जुळवून घेते, आणि वृद्धिसंप्रेरकाचे दुहेरी काम हाच त्याचा पुरावा आहे. सेक्लर यांचा निष्कर्ष मात्र टिकला नसता. निरोगी लहान मुलाच्या शरीरात ही व्यवस्था शांत असते. खुरटणाऱ्या मुलाचे शरीर वाढ अडवून त्या मोबदल्यात जगत असते. मोजपट्टीवर दोन्ही मुले सारखी दिसतील, पण रक्तात ती सारखी नसतात. सुखात्मे यांच्यासारख्या थोर सांख्यिकीविदाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; परंतु सरासरीच्या शास्त्राला पेशीच्या आतील तडजोड दिसत नाही, हेही तितकेच खरे.

मोजपट्टीपाशी परत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ३४.४ टक्के होता. ही सर्व मुले इंजेक्शनची रुग्ण नाहीत. ज्या मुलाची खालची कडी अन्नाअभावी बंद पडली आहे त्याला वरून आणखी संप्रेरक देणे म्हणजे बंद दारावर अधिक जोराने थाप मारणे होय. पण त्यांच्यातच एखादे मूल वरची कडी तुटलेले असू शकते, आणि कुपोषणाच्या गर्दीत ते ओळखू येत नाही. दोहोंत फरक करण्याचा पहिला मार्ग महागड्या चाचणीचा नाही. एका वेळची उंची फारसे सांगत नाही. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन उंची मुलाच्या वाढीचा वेग सांगतात. पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारलेले ५ ते १८ वर्षे वयोगटाचे वाढ-आलेख, तसेच लहान मुलांसाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे आलेख, अशाच नोंदींवर उपयोगी पडतात. आहार व आजार सुधारूनही वेग वाढला नाही, तर मग अस्थिवय, वाढघटक-१ आणि संप्रेरकाच्या चाचण्यांकडे वळावयाचे, असा क्रम आहे.

नाशिक जिल्ह्यात हा साधा क्रमच अवघड होऊन बसतो. ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षबागांत काम सुरू झाले की सुरगाणा-पेठकडची अनेक कुटुंबे मुलाबाळांसह दिंडोरी, निफाडकडे उतरतात आणि हंगाम आटोपेपर्यंत बागेच्या कडेला राहतात. पावसाळ्यात गावच्या अंगणवाडीत पहिली उंची नोंदविलेली असते. दुसरी घ्यावयाची वेळ येते तेव्हा मूल बागेत असते आणि मोजपट्टी गावात. २०२१ पासून वापरात आलेल्या पोषण ट्रॅकर या प्रणालीत स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविण्याची सोय आहे. त्यासाठी बागेजवळच्या सेविकेला ते मूल आपल्या हद्दीत आल्याचे कळावे लागते.